‘पनवेलला कुठे थंडी पडते?’

डिसेंबर लागला की पनवेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपल्याकडे कुठे आलीय थंडी? थंडी बघायची तर नाशकाला जा.’ बोलणारा बहुधा पस्तिशी-चाळिशीतला, धडधाकट असतो. सकाळी आठची लोकल गाठायला निघालेला असतो आणि चालून चालून त्याच्या अंगाला घामही आलेला असतो. त्याच्यापुरतं त्याचं म्हणणं खरं असेल. पण त्याच्याच घरात शहात्तर वर्षांची आई पहाटे चारला कुडकुडत जागी असते. ‘पंखा बंद करा रे’ असं ती म्हणाली की तिला उत्तर मिळतं, ‘आई, तुला उगाच वाटतं.’ या ‘उगाच’ शब्दाचा मला संताप येतो. वाद घालायचा आहे तो ‘उगाच’ म्हणणाऱ्या या मताशी.

आधी हे मत आहे तसं मांडतो, म्हणजे मी त्याचा विपर्यास केला असं कुणी म्हणायला नको. कोकणपट्टीत थंडी नसते. असली तरी चार दिवसांची आणि सुखाची. जुनी माणसं काटक असतात, त्यांनी गार पाण्याने आंघोळी करून ऐंशी गाठली. त्यांना स्वेटर आणला, डिंकाचे लाडू केले, सकाळच्या फेरफटक्याला बूट घेऊन दिले की मुलांचं कर्तव्य संपलं. त्यापुढची कुरकूर हा वयाचा स्वभाव आहे. घरोघर, सोसायट्यांच्या कट्ट्यांवर, इतकंच काय, दवाखान्याच्या बाकड्यांवरही हेच बोललं जातं. यातलं एकही विधान तपासाला टिकत नाही.

थंडी नाही म्हणता, मग वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी कशाच्या जोरावर लावता? रायगडात वालाच्या शेंगा भरतात त्या थंडीत, दवावर. भांबुर्डीचा पाला घालून मडकं उपडं करून जाळाभोवती जमायचं ते जानेवारीच्या रात्री, हात शेकत. मडक्याभोवती बसताना थंडी खरी आणि घरी म्हातारीने गोधडी मागितली की ती खोटी, असं कसं चालेल?

आणि पनवेल म्हणजे कुलाबा नव्हे. पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाची भिंत उभी आहे, दक्षिणेला कर्नाळा आहे. रात्री जमीन लवकर निवते आणि डोंगराकडून गार वारा खाली उतरतो. समुद्राला चिकटलेल्या दक्षिण मुंबईत पाणी जी ऊब टिकवून धरतं, ती इथे पोचत नाही. म्हणून थंडीच्या लाटेत कर्जत, बदलापूर, पनवेल या पट्ट्यातला पारा कुलाब्यापेक्षा काही अंशांनी खाली असतो. मुंबईचंच बोलायचं तर सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद आहे, आणि अगदी अलीकडे, ९ डिसेंबर २०२४ रोजी, तिथेच पारा १३.७ वर आला होता. ज्या दिवशी सांताक्रूझ तेरा-चौदावर येतं, त्या दिवशी गाढी नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत पहाटे काय स्थिती असेल, याचा विचार करा. त्यात दुपारी पुन्हा तिशी पार. एकाच दिवसात पंधरा-सोळा अंशांची ही चढउतार तरुण शरीर निभावून नेतं, म्हाताऱ्या शरीराला ती जड जाते.

‘पण हा काही जीवघेणा गारठा नाही ना?’ हा पुढचा प्रश्न असतो आणि खरी चूक इथेच आहे. थंडीने माणूस मरतो तो बर्फात गोठून, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात मोजणी झाली तेव्हा चित्र उलटं निघालं. १३ देशांतल्या ३८४ ठिकाणच्या सात कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तापमानाशी जोडता येणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू थंडीचे निघाले: थंडीचा वाटा सुमारे ७.३ टक्के, उष्णतेचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि थंडीतलेही बहुतेक मृत्यू कडाक्याच्या थंडीतले नव्हते, मध्यम थंडीतले होते. हे परदेशाचं आहे म्हणून बाजूला सारायची सोय नाही. भारतातल्या मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आला. त्यातला अंदाज असा की २०१५ या एका वर्षात पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनाचे आजार यांनी झालेल्या सुमारे १ लाख ९७ हजार मृत्यूंमागे मध्यम थंडी होती. अतितीव्र थंडीच्या मृत्यूंपेक्षा हा आकडा बारापट आणि अतितीव्र उष्णतेच्या मृत्यूंपेक्षा चाळीसपटीहून जास्त. त्या अभ्यासात मध्यम थंडी म्हणजे साधारण १४ अंशांपासून वर. पनवेलची थंडी ती हीच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा आकडा ३० ते ६९ वयाच्या माणसांचा आहे. सत्तरीपुढचे आपले आईवडील त्यात धरलेलेच नाहीत.

ही माणसं थंडीने गेली असं कुणी लिहून ठेवत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडली असं येतं, नाहीतर न्यूमोनिया. ‘वय झालं होतं’ म्हणत माणसं स्मशानातून परत येतात. जानेवारीतच इतकी बोलावणी का येतात, हे कुणी विचारत नाही.

शरीरात काय होतं ते समजून घेतलं की ‘उगाच वाटतं’ हे म्हणणं किती उथळ आहे ते कळतं. गारवा लागला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. रक्त थोडं दाट होतं, गुठळी होण्याचा धोका वाढतो. तरुणाचं शरीर ऊब राखायला थरथरतं, म्हाताऱ्याचं तितकं थरथरत नाही. स्नायू झिजलेले असतात, कातडीखालची चरबी उतरलेली असते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असते, थायरॉइड मंद असते, झोपेची गोळी चालू असते. अनेकांना तर आपण गारठलोय हेच उशिरा कळतं. म्हणजे जी आई ‘गार लागतंय’ म्हणते ती निदान सांगू तरी शकते. जे आजोबा काहीच न बोलता पडून आहेत, ज्यांचं बोलणं जड झालंय, जे नेहमीपेक्षा गोंधळलेले वाटतात, त्यांच्या पोटाला हात लावून बघावा. पोट गार लागलं तर ती थकल्याची झोप नसते. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की ती वैद्यकीय तातडी असते.

थंडीत लघवी जास्त होते, तहान मात्र लागत नाही. माणूस दिवसभर पाणी पीत नाही आणि रात्री तीनदा उठतो. मोरीकडे जाताना अंधार असतो, गुळगुळीत फरशी बर्फासारखी लागते, पायात मोजे, खाली ओलं पायपुसणं. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. मग अंथरूण, मग छातीत कफ, मग पाठीला जखमा. घराघरांत हा क्रम मी पाहिला आहे. तो पायपुसण्यापासून सुरू झाला हे नंतर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता ‘स्वेटर दिलाय की’ या समाधानाकडे येऊ. आपल्या भागात थंडी आणि डास एकदमच येतात. डास चावू नयेत म्हणून घरोघर रात्रभर पंखा लावला जातो, आणि सोळा अंशांच्या पहाटे त्या पंख्याखाली म्हातारं माणूस झोपवलं जातं. स्वेटर घालून पंख्याखाली झोपवायचं ही कुठली काळजी? खिडक्या-दारं लावून कॉइल पेटवली तर तो धूर दम्याच्या छातीत जातो. याला साधं उत्तर आहे, मच्छरदाणी. आपल्या आजीच्या घरात ती होती. घडी घालायचा कंटाळा आणि दिवाणखान्याची शोभा यांपायी आपण ती काढून टाकली. ती परत बांधा. पंखा बंद होईल, कॉइलही सुटेल.

पायाशी गरम पाण्याची पिशवी दिली जाते. मायेनेच दिली जाते. पण मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका बसलेला कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि ती जखम महिनोन्‌महिने चालते. पिशवीने अंथरूण आधी गरम करावं आणि माणूस झोपायला आला की ती काढून घ्यावी. एका जाड रगापेक्षा दोन-तीन पातळ थर जास्त ऊब धरतात. डोक्यावरून आणि कानांवरून ऊब जाते म्हणून कानटोपी घालावी, घरातसुद्धा. यात हसण्यासारखं काही नाही, आणि नातवंडांनी हसू नये हे सांगणं आईबापांचं काम आहे.

न्हाणीघराबद्दल मात्र मी चढ्या आवाजातच बोलणार आहे. पनवेलमधल्या कितीतरी सदनिकांत गॅस गिझर न्हाणीघराच्या आतच टांगलेला आहे. थंडी म्हणून वरची झडप बंद, दार बंद, आतून कडी. ज्योत जळत राहते, कोंडलेल्या जागेत प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि माणूस खाली बसतो. म्हातारा माणूस आंघोळीला वेळ लावतो म्हणून अर्धा तास दार वाजवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. दरवर्षी थंडीत महाराष्ट्रातून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, आपण त्या वाचतो आणि स्वतःच्या घरातल्या गिझरकडे बघत नाही. तो गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा असतो. साठीपुढच्या माणसाने आतून कडी लावायची नसते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं हा याच मृत्यूचा दुसरा मार्ग आहे.

‘आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षीही पहाटे विहिरीवर गार पाण्याने आंघोळ करायचे.’ हा युक्तिवाद अभिमानाने केला जातो, त्यामुळे तो खोडणं माणसांना अपमानासारखं वाटतं. तरी खोडायलाच हवा. ज्यांचे आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी पौषातल्या एका पहाटे विहिरीवरच कोसळले, त्यांच्या घरी हा किस्सा कोण सांगणार? जगले वाचले त्यांच्याच गोष्टी पुढे येतात. शिवाय विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, कारण जमिनीखालचं पाणी हवेइतकं निवत नाही. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी आणि ते पाणी एक नव्हे. आणि त्या आजोबांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या, हृदयात बसवलेला स्टेंट आणि वीस वर्षांचा मधुमेह नव्हता. आज वैद्यकाने जगवलेली, नाजूक पण मोलाची आयुष्यं आपल्या घरात आहेत. त्यांना काटकपणाच्या कसोटीला लावायचं कारण काय?

यानंतर येतो पहाटेचा फेरफटका. चालणं चांगलंच, त्याबद्दल वाद नाही. वाद वेळेचा आहे. रक्तदाब सकाळी उठल्यावर आपोआप चढतो, त्याच वेळी हवा दिवसातली सर्वांत गार असते, आणि त्यावर चढ चालायला लावायचं. पनवेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे ती हवेची. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच साचतो. एका बाजूला तळोजा औद्योगिक वसाहत, मध्ये कळंबोलीतली अवजड वाहनांची वर्दळ, दुसरीकडे द्रुतगती मार्ग आणि चहूकडे बांधकामाची धूळ. खारघरमध्ये जानेवारी २०२१ मध्ये वातावरण फाउंडेशनने पांढऱ्या फुप्फुसांची प्रतिकृती भर रस्त्यावर उभारली होती. थोड्याच दिवसांत ती काळी पडली. ती फुप्फुसं तर नुसती प्रतिकृती होती. आपण तीच हवा पहाटे साडेपाचला दम्याच्या आजोबांना दीर्घ श्वास घेऊन आत ओढायला सांगतो आणि त्याला आरोग्य म्हणतो. ऊन वर येऊ द्या. नऊ वाजता चाला, संध्याकाळी पाचला चाला. कोवळं ऊन पाठीवर घेत वडाळे तलावाकाठी बसलेलं माणूस आळशी नसतं.

आणि लस. नातवाच्या लसीकरणाचं कार्ड घरात देवासारखं जपलं जातं. फ्लू आणि न्यूमोकोकल न्यूमोनियाच्या लशी वृद्धांसाठी असतात, डॉक्टरांना विचारून घेता येतात, हे किती घरांत ठाऊक आहे? थंडीत रक्तदाब चढतो म्हणून गोळीचं प्रमाण तपासून घ्यायचं असतं, हेही कुणी सांगत नाही. वर ‘औषधं फार झाली’ म्हणून माणसं गोळ्या सोडतात, तेही याच दिवसांत.

‘पण ती ऐकतच नाहीत हो!’ सगळी कारणं संपली की हे शेवटचं उरतं. का ऐकत नाहीत, याचा विचार केलाय? हयातभर वीजबिल वाचवत संसार केलेली बाई पाणी तापवायला बटण दाबताना दहादा विचार करते. आपलं ओझं होऊ नये म्हणून दुखलं-खुपलं लपवण्यात तिचं आयुष्य गेलंय. तिला एकदा गार लागलं तेव्हा ‘उगाच’ म्हणून गप्प केलं, आणि आता ती सांगत नाही हा तिचाच दोष? पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून मोबाइलवर घरातल्या कॅमेऱ्याचं चित्र बघणाऱ्या मुलांनाही हेच विचारायचं आहे. कॅमेऱ्यात आई सोफ्यावर बसलेली दिसते. तिची बोटं गार पडली आहेत, दुपारपासून ती पाणी प्यायलेली नाही, काल मोरीत तिचा तोल गेला होता, यातलं काय दिसतं? शेजारच्या घरात एक किल्ली ठेवा, सकाळ-संध्याकाळ दार वाजवायला कुणीतरी नेमा. एका बाजूचं तोंड वाकडं दिसलं, हात उचलेना, जीभ अडखळली तर ‘गारठ्याने आखडलंय, शेकू या’ असं म्हणून सकाळ घालवू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच उपयोगी पडतं. १०८ क्रमांक त्यासाठीच आहे.

घराचं झालं. आता शहराचं. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’च्या सोहळ्याला आलेल्या माणसांपैकी १४ जण उन्हाने गेले. ते आपल्याच महापालिकेच्या हद्दीत घडलं. उन्हाची दहशत तेव्हा सगळ्यांना पटली आणि ते योग्यच झालं. उष्णतेच्या लाटेचे इशारे येतात, पाणी प्या, सावलीत थांबा असे फलक लागतात. थंडीसाठी असा एक फलक मी या शहरात कधी पाहिलेला नाही. उन्हाचे मृत्यू एका मैदानात, एका दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाले. थंडीचे मृत्यू वेगवेगळ्या घरांत, बंद दारांआड होतात, म्हणून त्यांचा हिशेब मागायला कुणी येत नाही. एवढाच फरक आहे.

आणि ज्यांच्या घराला दारच नीट नाही, त्यांचं काय? पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्यांमधली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघून जातात. मागे राहतात ती चालवत नाही अशी म्हातारी माणसं. ऐन थंडीत कुडाच्या भिंतीआड, चुलीच्या धुरात, एकटी. जानेवारीत कुणीतरी गाडी घेऊन जातं, ब्लँकेटं वाटतं, फोटो निघतात. थंडी तोवर दीड महिना पडून गेलेली असते, आणि त्या ब्लँकेटाबरोबर कुणी रक्तदाब मोजत नाही, छातीला नळी लावत नाही. देणाऱ्यांच्या मनात खोट नसेल. पण हे पुरेसं आहे असं मानणं मला मान्य नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी पुन्हा सांगतो. पनवेलला थंडी पडते, ती म्हाताऱ्यांना मारते, आणि ती टाळता येते. महापालिकेने आणि तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेने उन्हाळ्याला जशी तयारी करतात तशी नोव्हेंबरातच करावी. आशाताईंनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी, वाड्यांवर जाऊन पांघरूण आणि तपासणी एकत्र पोचवावी. बसस्थानकाच्या आणि रेल्वे स्थानकाच्या आवारात उघड्यावर झोपणाऱ्या वृद्धांना रात्रीचा निवारा द्यावा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजू माणसांना साहित्यासाठी तीन हजार रुपये मिळतात, त्यातून काठी, वॉकर, कमोड खुर्ची घेता येते. त्याचे अर्ज ज्येष्ठ नागरिक संघांनी कट्ट्यावर बसून भरून घ्यावेत. १४५६७ हा वृद्धांच्या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात मोठ्या अक्षरांत लावावा. आणि प्रत्येक घराने आज रात्री, उद्यावर न टाकता, आईच्या अंथरुणावर मच्छरदाणी बांधावी, पंख्याचं बटण बंद करावं, मोरीच्या वाटेवर एक दिवा जळता ठेवावा.